काचेला चिकटलेलं मीठ

नवं मिश्रण तयार झालं की सर आधी ते स्वतः खायचे. भरडलेला मका, सोयाबीनची पेंड, शिंपल्यांचा चुरा, असं सगळं एकत्र कालवलेलं ते कोंबड्यांचं खाद्य. त्यातली चिमूट जिभेवर ठेवून ते डोळे मिटायचे आणि गिरणीतली सगळी माणसं हातातलं काम थांबवून त्यांच्या गळ्याकडे बघत बसायची. ते थुंकायचे नाहीत, गिळायचे.

"जे माह्या गळ्याखाली उतरत नाई, ते त्या बायाईच्या गळ्याखाली काऊन उतरावं?" ते म्हणायचे. बाया म्हणजे कोंबड्या.

आदिलाबादहून जैनथकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका सेठची खाद्याची गिरणी होती. धान्याच्या खरेदीपासून गाडी भरून देण्यापर्यंतचं सगळं मी बघायचो. सरकारी शाळेतून निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे कामाला आले. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांना ते आवडत नसे.

"सर नाई बाप्पा. सरांच्या बाटल्या धुणारा."

आणि ते खरंच होतं. एकतीस की बत्तीस वर्षं ते शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तिथून त्यांनी दोन गोष्टी सोबत आणल्या होत्या, पांढराशुभ्र शर्ट आणि चिठ्ठ्या चिकटवण्याची खोड. पिठाच्या धुरळ्यात आम्ही सगळे संध्याकाळपर्यंत भुतासारखे दिसायचो. त्यांच्या शर्टावर डाग नसे, कारण ते कायम वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहत. गिरणीतल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी असे. पाण्याच्या माठावरही होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'पाणी'.

त्यांचं खरं भांडवल नाक होतं. त्या नाकासाठी त्यांनी किती माणसं दुखावली, त्याची गणती नाही. कामावर यायच्या आधी चहा घ्यायचा नाही, डोक्याला तेल लावायचं नाही. अत्तर लावून आलेल्या एका ड्रायव्हरला त्यांनी कोठारात पाय ठेवू दिला नव्हता. सेठ लक्ष्मीपूजनाला कोठारात उदबत्ती लावायला निघाले, तर हे दारात आडवे.

"सेठजी, लक्ष्मीको बाहर बुलाव. अंदर मेरे नाक को काम है."

सेठने त्या वर्षी पूजा अंगणात केली. पुढेही तिथेच होत राहिली.

गावातले जनावरांचे डॉक्टर तेलुगू बोलणारे, वयाने तरुण होते. मक्याच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते डोळ्यांना दिसत नाही आणि कोंबडीचं काळीज, म्हणजे यकृत, खातं, असं त्यांनी एकदा आम्हाला समजावून सांगितलं. सर मान डोलवत ऐकत होते. शेवटी त्यांनी पोत्यांच्या थप्पीतल्या एकाच पोत्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्याच्यात हाये." डॉक्टरांनी ते पोतं फोडून घेतलं. मधोमध हिरवट गाठी निघाल्या. "आप ने ये कहाँ सीखा?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेव में," सर म्हणाले.

पेव म्हणजे काय, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. आमच्या भागात पूर्वी ज्वारी साठवायला जमिनीत खोल विहिरीसारखा खड्डा खणत. आतून माती लिंपायची, कडबा घालायचा, ज्वारी ओतायची आणि तोंड बंद करायचं. वरची ज्वारी चांगली राही. तळाला ओल लागे, बुरशी चढे, कडू वास येई. सरांचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे आणि मजुरी धान्यात मिळायची.

"वरची ज्वारी मालकाच्या घरात जाये. मधली बाजारात. तळची आमाले." हे सांगताना त्यांचा आवाज जराही चढत नसे. शाळेत मुलांना बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखवावी तसं ते सांगत. "माही माय ते दाणे पाण्यात टाके. पोकळ दाणा वर तरंगे, तो फेकून दे. बाकीचा उन्हात वाळवे, भाजे, पिठात हळद घाले. पोट बिघडलं का चुलीतला कोळसा वाटून चाटवे. त्याच्यावर आमी सात भावंडं जगलो. सगळे नाई, पाच जगले."

त्यांची भुकटी तिथून आली होती. बाभळीचा कोळसा, हळद, वाळवलेला लसूण आणि नाल्याकाठची चिकणमाती भाजून, वस्त्रगाळ करून ते एका डब्यात ठेवत. एका पोत्यामागे मोजून एक वाटी. कोळसा आणि माती पोटातलं विष धरून बाहेर नेतात, हळद काळजाला सांभाळते, असा त्यांचा हिशेब. डॉक्टरांनीही तो खोडून काढला नाही. शहरात कंपन्या हेच पिशवीत भरून विकतात, असं ते म्हणाले. आमच्या गिऱ्हाइकांच्या शेडांत पावसाळ्यातही अंडी कमी पडत नसत. गिरणीचं नाव झालं.

पण त्या भुकटीबद्दल सर स्वतःच सगळ्यात कमी बोलत. कुणी फार कौतुक केलं तर त्यांच्या कपाळावर आठी पडे.

"भुकटी म्हंजे माफी हाये. परवाना नाई."

हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. ते मला पाठ होतं. नुसतं पाठ असण्याला किती अर्थ असतो, तेच आता सांगायचं आहे.

खरी परीक्षा भुकटी घालण्याच्या आधीची होती. सरांच्या शर्टाच्या खिशात बोटभर उंचीची एक काचेची बाटली असे, शाळेतलीच. सकाळी ते तव्यावर मीठ भाजून घेत, पूर्ण कोरडं होईपर्यंत. नवा मका आला की चार दाणे दाताखाली फोडायचे, मग बाटलीत थोडे दाणे आणि ते मीठ टाकून हलवायचं आणि बाटली उन्हाकडे धरायची. मीठ सुटं होऊन तळाला बसलं तर मका कोरडा. काचेला चिकटून राहिलं तर ओला. ओल्या मक्याला बुरशी लागणारच. त्याला ते मुआयना म्हणत, पूर्वीच्या कचेरीतला शब्द. "चल बापू, मुआयना करू." मीठ चिकटलं तर गाडी परत. मग व्यापारी ओळखीचा असो की सेठचा मेहुणा असो. मेहुण्याची गाडी दोनदा परत गेली होती.

दरवर्षी दसऱ्याला ते तीन दिवस नागपूरला, दीक्षाभूमीवर जात. ही एवढीच त्यांची रजा. त्या वर्षी निघताना त्यांनी मला बजावलं, "मी येऊस्तवर नवा मक्का घेऊ नको. जुना पुरते."

जुना पुरणार नव्हता. मी दोन गाड्यांची जास्तीची मागणी घेऊन बसलो होतो आणि हे त्यांना सांगितलं नव्हतं. सर नसतानाही गिरणी चालते, हे मला सेठला दाखवायचं होतं. बेचाळीस वर्षांच्या माणसाला अशी हौस शोभत नाही, पण होती. त्याच आठवड्यात काढणीला आलेल्या मक्यावर पाऊस पडून गेला होता. एक व्यापारी गाडी घेऊन दारात आला. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. धान्य आतून तापतं तेव्हा काय होत असतं, ते मला चांगलं माहीत होतं. मी स्वतःला म्हटलं, उन्हाची ऊब असेल. आकाशात ढग होते.

मीठ भाजायला तवा होता, कोरड्या बाटल्याही होत्या. मी मुआयना केला नाही. केला असता तर उत्तर मिळालं असतं आणि ते मला नको होतं.

मका अर्धा दिवस अंगणात पसरला, भरडला आणि एका पोत्यामागे एकाऐवजी दोन वाट्या भुकटी घातली. मला वाटलं, विष दुप्पट असेल तर माफीही दुप्पट मागू. मिश्रण नेहमीपेक्षा पिवळं दिसलं. गाडी भरून तलमडुगूच्या बाजूला एका बाईंकडे गेली.

त्या बाईंची ओळख करून द्यायला हवी. कापूस आणि ज्वारी करणारं घर, नवरा अंथरुणाला खिळलेला. त्यांनी एकटीच्या जिद्दीवर अंड्यांच्या कोंबड्यांची दोन शेडं उभी केली होती. कोंबड्यांशी त्या बोलायच्या. खाद्य आलं की पोतं फोडून आधी हाताने चाळायच्या. आमच्या गिरणीवर त्यांचा भरवसा होता, तो सरांमुळे.

सर नागपूरहून परतले तेव्हा मिक्सरच्या तोंडाशी थांबले. नाक फेंदारलं. "हळद जास्त काऊन पडली?"

"हात सुटला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मिक्सरखाली सांडलेले मक्याचे पाचसात दाणे उचलले आणि अंगणात गेले. मी मागे गेलो नाही.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. आमचं नवं खाद्य एकाच शेडात सुरू झालं होतं; तिथल्या कोंबड्या खात नव्हत्या, तुरे पांढरे पडले होते, रोज काही मरत होत्या. सेठ, सर आणि मी गेलो. सरांनी मेलेली कोंबडी पाटीवर ठेवली आणि पात्याने चिरली. काळीज पिवळं पडलं होतं, सुजलं होतं, बोट लावलं तर फुटत होतं.

"हे मक्याचं हाये," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, हळू आवाजात विचारलं, "मक्का कुठचा होता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नेहमीचाच."

बाईंनी पोत्यातलं खाद्य मुठीत घेऊन सेठसमोर धरलं. "नेहमीचा मक्का, तर मंग हे एवढं पिवळं काऊन? हे काय घातलं यात?"

सेठने सरांकडे बोट केलं. "इनका पावडर है. आज से बंद."

"बंद करा," सर म्हणाले. "भुकटी बंद करा, काई म्हणणं नाई. पण हे खाद्यबी बंद करा. बाई, दुसऱ्या शेडात हे टाकू नका. उपाशी ठेवा, पण हे टाकू नका."

तेव्हा बाई जे बोलल्या ते मला इथे लिहावं लागेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि शब्द मात्र कोरडे होते. "असल्या हातचं खाद्य घेतलं, तिथंच माहं चुकलं."

'असल्या' म्हणजे कसल्या, ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. सरांनाही. त्यांनी पाटीवरची कोंबडी नीट झाकली, नळावर हात धुतले, रुमालाने एकेक बोट पुसलं. "जयभीम," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले आणि बसथांब्याकडे चालू लागले. मी एक वाक्य बोललो असतो तर ते थांबले असते. ते हळू चालत होते. त्यांनी मला वेळ दिला होता, असं मला आता वाटतं.

सर त्यानंतर गिरणीत आले नाहीत. सेठने भुकटीशिवायचं नवं खाद्य पाठवायला सांगितलं. मका तोच होता, त्याच गाडीतला उरलेला. मी तो भरडला, पोती शिवली आणि पाठवली. दुसऱ्या शेडातल्या कोंबड्यांनी ते खाल्लं. पंधरवड्यात त्या शेडातल्याही बहुतेक कोंबड्या मेल्या. मग आमच्याकडचा तो मका संपला, दुसरीकडून कोरडा मका आला आणि मरण थांबलं. सगळे म्हणाले, बघा, भुकटी बंद केली आणि थांबलं.

पहिलं शेड माझ्या चुकीने गेलं. चूक माणसाकडून होते, तिचं ओझं मी कसंही वाहिलं असतं. दुसरं शेड माझ्या गप्प बसण्याने गेलं. ते ओझं वेगळं असतं.

दोन वर्षांनी सेठने गिरणी विकली. मी जैनथजवळ स्वतःचं छोटं मिक्सर टाकायचं ठरवलं आणि सरांच्या घरी गेलो. पश्चात्तापाने गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं. मी भुकटीचं प्रमाण विचारायला गेलो होतो.

अंगणात हळदीचा वाफा होता, पाचसहा गावठी कोंबड्या फिरत होत्या. सर बाजेवर बसून जुन्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलत होते. "ये बापू," ते म्हणाले, जणू मी कालच येऊन गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं, शेतीचं विचारलं, पोरांचं विचारलं. मी प्रमाण विचारायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"सर, मक्का ओला होता."

ते चिठ्ठी चिकटवत राहिले. अंगठ्याने तिचे चारही कोपरे दाबले. मग आत गेले आणि बाटली घेऊन आले. तीच, बोटभर उंचीची. बुचावर मेण लावून बंद केलेली. आत काळे पडलेले पाचसात दाणे आणि काचेला आतून, वरपर्यंत, चिकटून वाळलेलं मीठ. वर चिठ्ठी होती. 'मिक्सरखालचा मका. दसऱ्यानंतर.'

"तुमाले माहीत होतं?"

"नागपूरहून आलो त्या दिवशीच."

"मंग बोलले काऊन नाई?"

"भरडलेलं खाद्य तर गेलं होतं. मी म्हटलं, तू वापस बोलावशीन. मंग बाईच्या अंगणात तुले इचारलं. तिथंबी म्हटलं, आता सांगशीन, आता सांगशीन." ते थांबले. "तू सांगितलं असतं तुह्या तोंडानं, तर तू माणूस म्हून उरला असता. मी बाटली दाखवली असती तर नुसता पकडला गेला असता. मले तू उरायला पाह्यजे होता. त्याच्यापाई दुसरं शेड गेलं. ती वाट पाहणं माही चूक. तेवढी मले राहू दे, ती घेऊ नको."

मी रडलो की नाही, ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की त्यांची एक कोंबडी माझ्या चपलेचा पट्टा टोचत होती आणि ते तिला "जाय व बाई, पाहुणा हाये" म्हणत होते.

"मले सांगून काई फायदा नाई," ते म्हणाले. "मले मालूम होतं. ज्याले मालूम नाई त्याले सांग. आधी बाई, मंग हळद." मी भुकटीसाठी आलो होतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

बाईंचं एक शेड रिकामं होतं, त्यात कडबा भरला होता. दुसऱ्यात नव्या कोंबड्या होत्या. बाई अंडी ट्रेमध्ये लावत होत्या. मी उभा राहूनच सगळं सांगितलं, पावसापासून ते पोती शिवण्यापर्यंत. त्यांचे हात थांबले नाहीत. तडकलेलं अंडं त्या बाजूला काढत, चांगलं खाचेत ठेवत. ट्रे भरला तेव्हा म्हणाल्या, "त्या माणसाले मी काय बोलली, तुमाले आठवते?"

"आठवते."

"तुमी तिथंच उभे होते."

"होतो."

"मी बोलली ते माहं मी पाहीन. पण भाऊ, तुमी मले बोलू देल्लं."

त्या आत गेल्या, पदर नीट केला, नवऱ्याला सांगितलं आणि पायात चप्पल घालून आल्या. "चला. घर दाखवा."

ऑटोने आम्ही निघालो. त्या सरांच्या अंगणात आल्या आणि माफी वगैरे शब्द काढले नाहीत. पदराची गाठ सोडली. आत त्यांच्याच शेतातली मूठभर ज्वारी होती. ती त्यांनी सरांसमोर धरली.

"कोंबड्याईले घालायची हाये. पाहून द्या."

सरांनी खिशाला हात लावला नाही. चार दाणे उचलले, तोंडात टाकले, डोळे मिटले. आम्ही दोघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. त्यांनी गिळलं.

"वरची हाये," ते म्हणाले. "पेवाच्या वरची. घाला बिनधास्त."

बाईंना पेवाची गोष्ट माहीत नव्हती. सरांनी ती सांगितली, पहिल्यापासून, चढउतार न करता. बाई बाजेच्या कडेला बसून ऐकत होत्या. त्यांच्या आजोळी पेव होतं, एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मला भुकटीचं प्रमाण मिळालं. चिठ्ठीवर, ठसठशीत अक्षरात. खाली एक ओळ होती, 'एका पोत्याला एकच वाटी.'

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. पांढऱ्या शर्टात. मेण लावलेली ती बाटली माझ्या मिक्सरच्या वर, फळीवर आहे. येणारे विचारतात, हे काय. मी सांगतो, काही न वगळता. सांगून हलकं वाटतं असं नाही, पण आता जीभ अडखळत नाही. माझ्या खिशात दुसरी बाटली असते. मीठ मी सकाळी तव्यावर भाजतो आणि चहा मुआयना झाल्यावर पितो. कोठारात उदबत्ती लागत नाही. माझं नाक सरांच्या नाकाच्या पावभरही नाही, म्हणून मी हातावर विश्वास ठेवतो. हाताला ऊब लागली की ती उन्हाची नसते, हे मी शिकलो आहे.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास पुन्हा काढणीत पाऊस झाला. दोन गाड्या आल्या. दोन्ही वेळा मीठ काचेला चिकटलं. दोन्ही गाड्या मी परत पाठवल्या आणि मिक्सर चार दिवस बंद राहिलं. पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला.

"भाऊ, खाद्य काऊन नाई आलं?"

"मक्का ओला होता."

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "तवरोक ज्वारी घालतो."